बिअरच्या कारखान्यातला साखरपुडा

श्री. धोंडीरामभाऊ यांना मखमलाबादहून सावळीरामचा नमस्कार.

तुमचा गुडघा कसा आहे? वहिनींची तब्येत बरी असावी. आम्ही जिवंत आहोत, याहून अधिक लिहिण्यासारखं नाही. (फोनच केला असता, पण तुमची बहीण शेजारी उभी राहून ऐकते आणि मग रडते.)

गुडघ्यामुळे तुम्ही आला नाहीत, सुटलात. तुमच्या भाचीचा, दीपमालेचा साखरपुडा मोडला नाही, पण झालाही नाही. सार्थकचा (म्हणजे होणाऱ्या जावयाचा, होणार की नाही देव जाणे) मित्र गंगापूर रोडच्या एका बिअरच्या कारखान्यात भागीदार आहे, म्हणून त्यांनी तिथला हॉल ठरवला. मी म्हटलं, साखरपुड्याला बिअर? व्याही म्हणाले, थेंबही वाढणार नाही, फक्त जागा वापरायची, हिरवळ आहे, फोटो छान येतात. माझा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे, सगळं सुरळीत चाललं की मला धडकी भरते. तशी भरली.

गेटवर वॉचमनने आमच्या हातातला साखरेचा पुडा आणि पेढेच अडवले. बाहेरचं खाणं आत चालत नाही म्हणे. त्याची समजूत घालतोय तोच मॅनेजर मोहिनी मॅडम आल्या. अत्यंत नम्र बाई. (नम्र माणसांचीच मला जास्त भीती वाटते.) म्हणाल्या, एकवीस पूर्ण नसलेल्या कोणालाही आत सोडता येत नाही, आणि नवरीला अजून पूर्ण नाहीत असं समजलं. आम्ही म्हटलं, इथे कोणी पिणारच नाही. तर म्हणाल्या, कार्यक्रम खासगी असला तरी परवाना जागेचा असतो. तपासणीला कोणी आलं तर आमचं कुलूपच लागेल. लग्नाला अठरा चालतात आणि साखरपुड्याला एकवीस लागतात, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही.

आत नवरदेव, गुरुजी, दोन्हीकडची थोर मंडळी आणि कुसाआत्या. (ऐंशी पार, त्यामुळे वयाची अडचण नव्हती. तिथली मोठी टाकी पाहून गुऱ्हाळ समजली आणि रस कधी मिळेल विचारत बसली.) बाहेर नवरी, साखर आणि सगळी लेकरं. गुरुजी म्हणाले, अंगठी गेटवरच घालू. विहीणबाई म्हणाल्या, ओटी काय फाटकातून भरायची? व्याही तर भडकलेच. "लय शोभा झाली आमची! आता पुढच्या महिन्यात लॉन्सवर करू. तिथं पोरीचं वय कोणी इचारीत नाय." दीपमाला वॉचमनच्या खुर्चीत बसून लेकरांना पेढे वाटत होती. इतकी निवांत मी तिला कित्येक दिवसांत पाहिली नव्हती.

तिचं वय मॅडमच्या कानावर घातलं कोणी? माझा संशय चुलतभाऊ ज्ञानेशवर. त्याला ती त्याच्या मेहुण्यासाठी हवी होती. शेताच्या बांधावर समोर आला तरी मी आता तोंड फिरवतो. वाईट वाटतं, पण फिरवतो.

आपला,
सावळीराम

ता. क. खरं काम राहिलंच. पोर धड जेवत नाही, विचारलं तर काही नाही म्हणते. तुमचं ती ऐकते. स्थळ चांगलं आहे, द्राक्षबाग आहे, एवढं मामा म्हणून तिला समजावा.

ता. क. (दुसरा) पाकीट चिकटवायला दीपमालेकडे दिलं, तर तिने पत्र वाचून काढलं. म्हणाली, "आबा, ज्ञानेशकाकांशी बोला. मॅडमला मीच सांगितलं." मी म्हटलं, लग्न नको होतं, तर मग आम्हालाच का नाही सांगितलंस? "दोनदा सांगितलं. तुम्ही द्राक्षबाग किती एकराची तेच सांगत बसलात." भाऊ, खरं आहे ते. फार लागलं मनाला. तेव्हा वरचं समजावणं राहू द्या. व्याह्यांना नकार मी स्वतः जाऊन देतो, शिव्या खातो. तुमच्या बहिणीला मात्र तुम्ही येऊन सांगा. गुडघा दुखत असला तरी या.