फक्त फॅमिलीसाठी

बीड, रविवार

तीर्थस्वरूप विठ्ठलराव दाजींना मेहुणा आदिनाथ याचा दंडवत. इकडं आम्ही सगळे धडधाकट आहोत, बाबांचा गुडघा सोडून. तुमचं पित्त कसं आहे? अक्काची कंबर? फोन का केला नाही म्हणाल, तर फोन स्पीकरवर टाकून अख्ख्या गल्लीला ऐकवायची तुमची सवय. हे पत्र एकट्यानं वाचा आणि अक्काला दाखवू नका. का ते पुढं येईलच.

आमच्या घरमालकाच्या पोराचं लग्न ठरलं आणि नव्या जोडप्याला नेमक्या आमच्याच खोल्या पाहिजेत. मालक माणूस चांगला आहे (पत्रिकेत खाली आपले नम्र म्हणून माझंही नाव छापलंय, म्हणजे घर सोडणारा मी आणि 'यायचं हं' म्हणणाराही मीच). तर गेला महिनाभर दुकान सुटलं की मी आणि बाबा घरं बघत फिरतोय. बाबा घरी बसत नाहीत, कारण दोन शेळ्या कुठं बांधायच्या हे त्यांना स्वतः बघायचं असतं. घर नाही मिळालं तर शेळ्या घेऊन गावी, धारूरला एकटं राहायचं, असं त्यांनी ठरवून टाकलंय. म्हातारा बोलला की करतो, हे तुम्ही जाणताच. त्या गुडघ्यानं ते तिथले डोंगर कसे चढणार, या विचारानं माझी झोप उडालीय.

पण दाजी, खरं सांगू, काळजी एकीकडं आणि या मोबाइलवरच्या जाहिरातींचं कुतूहल एकीकडं. त्या लिहिणाऱ्या माणसाला एकदा भेटावं, चहा पाजावा आणि विचारावं की बाबा रे, तुला हे सुचतं कसं? 'सेमी फर्निश्ड' म्हणून गेलो, तर आत एक लोखंडी कॉट. ती बहुतेक भिंती उभ्या राहायच्या आधीच ठेवलेली असावी, कारण दारातून ती बाहेर निघणं शक्य नव्हतं. 'चोवीस तास पाणी' म्हणून गेलो, तर नळ कोरडा ठणठणीत. मी एजंटाशी वाद घालणार, तेवढ्यात बाबांनी भिंतीला हात लावला आणि म्हणाले, "पानी हाय की! भितीत हाय." एका जाहिरातीत दुमजली बंगल्याचा फोटो होता. आमच्या सौ. सायलीनं तर वरच्या गॅलरीत तुळस ठेवायची जागासुद्धा ठरवली. जाऊन बघतो तर बंगल्यासमोरच्या पत्र्याच्या दोन खोल्या भाड्यानं द्यायच्या होत्या! एजंटाचं नाव हनुमान. पठ्ठ्या जराही न लाजता म्हणाला, "सायेब, खिडकीतून जे दिसतंय त्येचा फोटू टाकला. आपलं घर त्या बंगल्यातून लई भारी दिसतंय, पर तितं आमाला कोन जाऊ देतंय?"

सगळ्यात मोठा घोळ झाला तो 'फॅमिली'चा. अर्ध्याअधिक जाहिरातींच्या खाली लिहिलेलं असतं, 'फक्त फॅमिलीसाठी'. आता आपल्याकडं फॅमिली म्हणजे कोण? बायको. (तुम्हीसुद्धा 'फॅमिली माहेरी गेलीय' असंच म्हणता, आणि ते म्हणताना आवाजात आनंद असतो.) मी हे वाचून दाखवलं तसे बाबा उखडलेच. "म्हंजी सायलीला ठिवनार. मंग आपून दोगं कुठं जावं बे?" मी हसलो. पण नंतर लक्षात आलं की म्हातारा फार चुकला नव्हता. मालकांना सायली चालते, तिच्यामुळं मीही चालतो, पण 'सोबत वडील आणि दोन शेळ्या' म्हटलं की खोली कालच गेलेली असते. एकदा तर कुलूप उघडून आम्हाला आत उभं केल्यावर गेली. त्या दिवशी बाबा घरी आले ते थेट शेळ्यांपाशी जाऊन बसले. मला फार वाईट वाटलं, दाजी.

आणि परवा चौसाळ्याच्या ग्रुपवर एक जाहिरात आली. 'हायवेलगत, वरचा मजला, जिना प्रशस्त, मागं मोकळी जागा, फक्त फॅमिलीसाठी.' फोटोत कठड्यावर एक वाकळ वाळत घातलेली. बाबांनी फोन हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला आणि म्हणाले, "हे हिरवं ठिगळ तुझ्या आईच्या लुगड्याचं हाय."

दाजी, तुमचा जिना प्रशस्त? सत्यमच्या बारशाला त्या जिन्यात माझं डोकं आपटलं होतं. खूण अजून आहे. पण ते असो. मजला रिकामा केलात आणि मेहुण्याला पत्ता नाही, याचंही मी मनाला लावून घेत नाही.

कळावे, लोभ आहेच, तो भाडेकरू म्हणूनही राहावा.

तुमचा मेहुणा,
आदिनाथ

ता. क. तुम्ही 'भाडं कशाला' म्हणाल, म्हणून आधीच हात जोडतो. लेकीच्या घरी मुक्काम करायचा नाही, हा बाबांचा नेम तुम्हाला माहीत आहे. आजवर अक्काकडं आले की शेवटची एसटी गाठायला उठतात. पण ती वाकळ पाहिल्यापासून घुटमळताहेत. काल हळूच म्हणाले, "भाडं देल्यावर ते लेकीचं घर कावून? मालकाचं हाय." तेव्हा भाडं बाजारभावानं घ्या, वर चार शब्द कुरकुर करा, आणि अक्काला कळू देऊ नका, नाहीतर ती रडत येईल, 'फुकट राहा' म्हणेल आणि म्हातारा थेट धारूर गाठेल. दुकानासाठी मी चौसाळा-बीड अप-डाऊन करीन. बाबांचं म्हणणं एवढंच, की जाहिरातीतल्या फॅमिलीत आपण धरतो का, ते जावईबापूंना नीट विचारून घे.

ता. क. दुसरा. वर शेळ्या दोन लिहिल्यात. पत्र लिहायला बसलो तेव्हा दोनच होत्या. पाकीट चिकटवेपर्यंत एक व्याली. बाकी आमची जाहिरात खरी आहे.