सात नंबरचा शर्ट

३ जानेवारी
कॉलेजच्या बास्केटबॉल संघाला पन्नास वर्षं होतायत. संघाचा इतिहास मीच लिहायला हवा, हे आज दाढी करताना लख्ख दिसलं. कॉलेजने अजून विचारलेलं नाही. विचारतील. संकल्प : रोज पहाटे दोन पानं.

४ जानेवारी
उठायला नऊ वाजले. इतिहास घाईने लिहू नये.

११ जानेवारी
जिममध्ये जाऊन आलो. खेळाडूंच्या खोलीत माझा जुना सात नंबरचा शर्ट भिंतीवर, काचेच्या फ्रेममध्ये! दुसऱ्या कुणाचाच नाही, कॅप्टनचासुद्धा नाही. शिपाई म्हणाला, तो लावल्यापासून सात नंबर कुणी घेतच नाही. घरी सांगितलं, तर बायको म्हणाली, का लावलाय ते विचारलंत का. काहींना नवऱ्याचं कौतुक सोसत नाही.

१९ जानेवारी
फायनलचं प्रकरण पूर्ण. मला हंगामभर बाकावर हुकमाच्या पत्त्यासारखं राखून ठेवलं होतं. एकजण पाच फाउल होऊन बाहेर गेला, मी आत. आम्ही एका गुणाने पुढे, चार सेकंद बाकी, चेंडू माझ्या हातात. मी खेळ थांबवायला टाइमआउट मागितला. आमच्या वाट्याचे टाइमआउट संपलेले होते. दंड म्हणून त्यांना दोन फ्री थ्रो मिळाले, दोन्ही आत गेले, कप गेला. टाइमआउट मोजणं कॅप्टनचं काम. लिहिलं, ‘ऐनवेळी कॅप्टन गाफील राहिला.’ इतिहासकाराने भिडेला बळी पडू नये.

२ फेब्रुवारी
मुलाखतीसाठी कॅप्टनकडे. लकवा झाल्यापासून त्याच्या तोंडून शब्द नाही, त्यामुळे काम पटकन उरकलं. प्रकरण वाचून दाखवलं. हरकत नाही, अशी नोंद केली. निघताना डोळे वटारून म्हणाला, टाइमआउट. वहिनी रडायलाच लागल्या. म्हणाल्या, डॉक्टरांना जमलं नाही ते तुम्ही केलंत भावोजी, रोज येत जा.

३ फेब्रुवारी
पुन्हा वाचलं. कॅप्टनने पाण्याचा पेला फेकून मारला. लुळ्या हाताने. वहिनी हरखल्या. माझ्या कपाळाला टेंगूळ. शैलीत दम आहे.

२६ फेब्रुवारी
रोजच्या वाचनाचा गुण. कॅप्टन काठी घेऊन चालतो. बहुतेकदा माझ्याच दिशेने. वहिनी म्हणतात, मी निघून गेलो की घडाघडा बोलतो. समारंभाचं आमंत्रण आलं, त्या शर्टाबद्दलही बोलणार आहेत. सूट शिवायला टाकला. मुलगा म्हणाला, बाबा, नका जाऊ. पोरगा बापावर जळतो.

५ मार्च
समारंभ झाला. मुख्य भाषण कॅप्टनचं. कुठेही अडखळला नाही. तो शर्ट त्यानेच लावलाय म्हणे. दरवर्षी नव्या मुलांना त्यापुढे उभं करून सांगतात, टाइमआउट मोजा, नाहीतर भिंतीवर टांगू. मुलं खिदळली. बायकोही. मग त्याने माझे आभार मानले. म्हणाला, मी खाटेवरच मेलो असतो, पण याला हे एकदा सर्वांसमोर सांगायचं होतं म्हणून बोलायला शिकलो. सत्कारासाठी संघाच्या आताच्या कोचने मला स्टेजवर बोलावलं. मी खुर्ची सोडली नाही. कॅप्टन माइकवर म्हणाला, राहू दे, बसू दे त्याला, त्याला बसायची सवय आहे.
शब्द शेवटच्या रांगेपर्यंत स्पष्ट ऐकू गेले. महिनाभर रोज जात होतो मी.