चार वाक्यांत ओसाका

रविवार, १ जून १९९७
ठरलं. जपानी शिकायचं. आमच्या नोएडाच्या फॅक्टरीत जपानी पार्टनर आलाय. ऑक्टोबरात आमच्यातल्या एकाला सहा महिने ओसाकाला पाठवणार. त्याआधी जपानीत इंटरव्ह्यू, घेणार त्यांचा इथला साहेब मोरीसान. माझ्याइतकं सीनियर आहे कोण? दोनशे पानी वही आणली. पहिल्या पानावर नाव, तारीख आणि खाली 'जपानी' असं झोकात लिहिलं. आज एवढं पुरे.

मंगळवार, ३ जून
क्लास ऑफिसातच आहे, साडेपाचला. माझी द्वारकेची, म्हणजे दिल्लीच्या पार दुसऱ्या टोकाची चार्टर्ड बस सुटते पावणेसहाला. ती चुकली की तीन बसा बदला, वर ऑटोवाल्याला द्वारका म्हणजे जुनं पप्पनकलां गाव हे समजावत बसा. तेव्हा क्लास कॅन्सल. बसमध्ये दीड तास जातोच, तिथे अभ्यास करीन. स्टोअर्समधला हणमंत, आपला सोलापूरचा, क्लासला जातोय. नोएडातच राहतो, त्याला काय!

शुक्रवार, २० जून
बसमध्ये मागच्या सीटवर रमीला चौथा भिडू लागतो. नाही म्हटलं की यार लोक रुसतात. माणसं जोडणं हेही शिक्षणच. सोमवारपासून नक्की.

गुरुवार, १४ ऑगस्ट
चार वाक्यं पाठ! नमस्कार, माझं नाव दीनानाथ, मी द्वारकेत राहतो, जपान सुंदर आहे. उच्चार बिल्कुल जपानी. प्रभा म्हणाली, अहो, त्याने उलट काही विचारलं तर? तिला समजावलं, की आपण इतकं सफाईने बोललो तर विचारायची गरजच उरत नाही. बायकोला मोठं चित्र दिसत नाही.
हणमंतची वही भरली म्हणे. अक्षर मोठं असेल.

सोमवार, १५ सप्टेंबर
भाषा म्हणजे शेवटी संस्कृती. मोरीसानला रविवारी जेवायला बोलावलंय. हणमंत शब्द घोकतोय, मी माणूस जिंकणार. प्रभाला पुरणपोळ्यांचं सांगितलं. ती तडक उठून स्वयंपाकघरात गेली, म्हणजे आवडलं असणार.

रविवार, २१ सप्टेंबर, संध्याकाळ
जिंकलो! मोरीसानने नऊ पोळ्या खाल्ल्या, तुपासकट. ताट दर वेळी लख्ख. आता पाहुण्याचं ताट रिकामं कसं ठेवायचं? मी वाढत गेलो, तो संपवत गेला. मधेच ताटावर हात आडवा धरून नो, नो म्हणाला. पण आपल्यात पहिले तीन नको कोण मोजतं? एक माझ्यासाठी, एक हिच्यासाठी, एक भारत-जपान मैत्रीसाठी. शेवटी त्याचे डोळे भरून आले. प्रभा म्हणते, घाम होता तो. जिना उतरताना कठडा मात्र घट्ट धरला होता.

मंगळवार, २३ सप्टेंबर
मोरीसान रजेवर. पोट. हणमंत म्हणाला, त्यांच्यात ताटात टाकणं म्हणजे वाढणाऱ्याचा अपमान, म्हणून बिचारा गिळत राहिला. अरे, मग आपल्यात ताट रिकामं राहणं म्हणजे यजमानाची लाज! दोघंही सभ्यपणे वागलो. यात माझं काय चुकलं? हणमंत रोज त्याला ताकभात घेऊन जातो आणि तासभर गप्पा मारतो. मस्का, दुसरं काय.

मंगळवार, ३० सप्टेंबर
इंटरव्ह्यू. चारही वाक्यं धडाधड म्हटली. मोरीसानने जपानीत काहीतरी विचारलं. मी पुन्हा जपान सुंदर आहे म्हटलं. त्याने परत विचारलं. मी हसलो. मग त्याने खिशातून चिठ्ठी काढली आणि चक्क मराठीत विचारलं, दीनानाथराव, तुम्ही जपानी का शिकता?
मी गार! आठ दिवसांत हणमंतकडून शिकला. सुरुवात कशाने केली तेही म्हणून दाखवलं: नको, पोट भरलं, आईशप्पथ नको. इथे राहायचं तर एवढं यायलाच हवं, हे मात्र इंग्रजीत म्हणाला, आणि हसला.
चार महिन्यांत पहिल्यांदाच प्रश्न पूर्ण समजला. उत्तर कुठल्याच भाषेत येईना.

शुक्रवार, ३ ऑक्टोबर
हणमंत जातोय. वाईट वाटलं, खोटं कशाला लिहू? पण मोरीसान परवा परत जेवायला येतोय, स्वतःहून. अट एकच, वाढणार प्रभा. मी नुसतं बसायचं.
हणमंतला तिकडे लिहायला वही हवी होती. माझी देऊन टाकली. पहिलं पान तेवढं फाडावं लागलं.