आम्हाला हरता आलं नाही

ताई,

धाकट्या भावाने इथूनच वाकून नमस्कार केला आहे, तो पोचला असं समज. आम्ही सगळे गालमेपोत खुशाल आहोत. तिकडे जॉन्जूत तुझे गुडघे, दाजींची साखर आणि तुझ्या सासूबाईंचा आवाज, तिन्ही आटोक्यात असतील अशी आशा आहे. (तिसऱ्याबद्दल फारशी नाही. परवा फोनवर त्या शेजारच्या खोलीत होत्या, तरी मला सगळं ऐकू आलं.) तू विचारलं होतंस की आमच्या शाळेत टीव्हीवाले आले होते ते काय प्रकरण होतं. हे फोनवर सांगण्यासारखं नाही, कारण फोनवर तू मध्ये बोलतेस. पत्रात तुला मध्ये बोलता येत नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

झालं असं की एका मोठ्या वाहिनीची मालिका निघाली, मुलींच्या हँडबॉल संघाची. खेड्यातल्या सात पोरी, एक खचलेला पण देखणा कोच, आणि सोळाव्या भागात अजिंक्यपद. (खेड्यातल्या सात पोरी आणि खचलेला कोच आमच्याकडेही आहे. उरलेल्या विशेषणाबद्दल माझी बायको हसली, ते मी मनावर घेतलेलं नाही.) तर अंतिम सामन्यात नायिकेच्या संघासमोर हरायला त्यांना एक खराखुरा शाळेचा संघ हवा होता. दिग्दर्शक गू साहेबांनी म्हणे प्रांतातल्या सगळ्या संघांचे निकाल मागवले आणि ते वाचून सरळ आमच्या फाटकात गाडी आणून उभी केली. आमचीच निवड का, हे मी विचारलं नाही. आठ वर्षांत आम्ही एकही सामना जिंकलेला नव्हता, आणि गेल्या वसंतात तर एका दुपारात आमच्यावर एक्केचाळीस गोल झाले होते. गुणफलक चालवणाऱ्या बाईंचा हात दुखायला लागला आणि त्यांनी शेवटी बदली माणूस मागितला.

आमचे मुख्याध्यापक बोंग साहेब तर उन्हाळी सुट्टीनंतर संघच बंद करणार होते. क्रीडागृहाची अभ्यासिका करायची, असा त्यांचा बेत. पण टीव्हीवाले आले म्हटल्यावर त्यांनी मला बोलावून सांगितलं, ‘‘मास्तर, हे शूटिंग सुरळीत पार पडलं, तर तुमच्या पोरींना आणखी एक वर्ष. काही गडबड झाली, तर गोलपोस्ट भंगारात.’’ मी म्हटलं, साहेब, हरण्यात आमच्याकडून गडबड होईलच कशी?

ताई, आठवडाभर आम्ही हरण्याचा सराव केला. आठ वर्षं सराव न करता जे उत्तम जमत होतं, ते शिकवायला लागल्यावर बिघडलं. तरी बाकी सहा जणींनी पाठ केलं. प्रश्न आला गोलमध्ये उभ्या राहणाऱ्या बोमीचा. तक बोमी, सतरा वर्षांची, हात नको तितके लांब, आणि बोलणं असं की एका वाक्यावर दिवस काढेल. त्या एक्केचाळीस गोलांनंतर तिने खेळ सोडायचं ठरवलं होतं. बापाची माकूळ धरायची बोट आहे, तिच्यावर जाणार म्हणाली होती. शूटिंगपुरती थांब म्हणून मीच तिला अडवलं. तिला करायचं होतं एवढंच: नायिका सात मीटरवरून शेवटचा चेंडू उजव्या कोपऱ्यात मारणार, बोमीने डावीकडे झेप घेऊन पडायचं. बस्स.

शूटिंगच्या दिवशी सकाळी अंगणात कॉफीची गाडी उभी, तिच्यावर नायिका रा येऑनचा माणसाहून मोठा फोटो. तिच्या चाहत्यांनी पाठवलेली. (कॉफी फुकट होती. बोंग साहेबांनी पाच प्याले घेतले आणि दिवसभर त्यांची एक पापणी उडत होती.) क्रीडागृहात दिवे, तीन कॅमेरे, भाड्याने आणलेले प्रेक्षक. येऑनने चेंडू फेकला. बोमीने अडवला. गू साहेब हसले, म्हणाले, सवयीने होतं. दुसऱ्यांदा अडवला. तिसऱ्यांदा पायाने. चौथ्यांदा ती ठरल्याप्रमाणे डावीकडे पडली, पण एक हात मागे राहिला आणि चेंडू नेमका त्याच हाताला लागला. अकराव्या वेळेनंतर गू साहेब हसायचे थांबले. ‘‘मास्तर,’’ ते मला म्हणाले, ‘‘ही पोरगी आहे की समुद्राचा बांध?’’ त्यांच्यामागे बोंग साहेब मला हाताने गोलपोस्ट उचलून फेकण्याची खूण करत होते.

मी बोमीकडे गेलो.

‘‘डावीकडे पडायचं ठरलंय ना?’’

‘‘हो सर.’’

‘‘मग हात उजवीकडे कसा जातो?’’

‘‘जातो सर.’’

‘‘मुद्दाम?’’

तिने बुटाची नाडी घट्ट केली. मग म्हणाली, ‘‘पहिले चार आपोआप गेले. पुढचे सात मुद्दाम.’’

‘‘अगं बये, संघ बंद पडेल!’’

‘‘माहितीये. पण सर, हे सगळ्या देशाला दिसणार. बाबांच्या बोटीवर टीव्ही आहे. बंदच पडायचं तर एक्केचाळिसावर पडू दे. बेचाळिसावा मी घेणार नाही.’’

ताई, मी तिला रागवायला तोंड उघडलं. खरंच उघडलं. माझ्यामागे शाळा होती, बोंग साहेब होते, आणि शूटिंगच्या करारावर माझी सही होती. पण माझ्या तोंडून निघालं ते असं: ‘‘फेकायच्या आधी तिचा खांदा वळतो. चेंडूकडे बघू नकोस, खांद्याकडे बघ.’’ आणि मी परत येऊन बाकावर बसलो. बोंग साहेब दिसू नयेत म्हणून शेजारच्या बदली मुलीच्या आड सरकलो.

मग गू साहेबांनी हुकमाचा पत्ता काढला. मालिकेला सल्ला द्यायला चू मिग्यॉंग नावाच्या बाई होत्या, एके काळी देशाकडून खेळलेल्या, मनगट असं की दार उघडताना कडी हातात यावी. त्यांना नायिकेचा शर्ट घातला आणि कॅमेरा फक्त हातावर ठेवला. बाईंनी फेकलेला पहिला चेंडू जाळीत गेला, तो बोमीला दिसलासुद्धा नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, बोंग साहेबांनी मला मिठी मारली. तेवढ्यात कॅमेरावाला पडेल आवाजात म्हणाला की दिवा भिंगावर आला, काहीच नीट टिपलं गेलं नाही.

परत. दुसरा चेंडू बोमीने हाताने अडवला. तिसरा गुडघ्याने. चौथा सरळ नाकावर घेतला, आडवी झाली, उठली, बाहीने नाक पुसलं आणि पुन्हा हात पसरून उभी राहिली. चूबाई मटकन फरशीवर बसल्या आणि हसायला लागल्या. ‘‘अरे, ही शिकली कुणाच्या हाताखाली?’’ सगळे मान वळवून माझ्याकडे बघायला लागले. मी उभा राहिलो आणि शर्ट नीट खोचला. ‘‘माझ्या,’’ मी म्हणालो.

आता गू साहेब चिडणार, एवढ्यात नायिका येऑनच पुढे आली. सकाळपासून बिचारीचं मनगट सुजलं होतं. म्हणाली, ‘‘साहेब, मला हरू द्या ना! जिंकल्यावरचं रडू मला सकाळपासून येत नाहीये. हरल्याचं आत्ता लगेच येईल.’’ आणि आलंच. गू साहेब तिच्याकडे बघत राहिले, मग बोमीच्या नाकाकडे, मग त्यांनी कानावरची पेन्सिल काढून सोळाव्या भागाच्या शेवटच्या पानावर आडवी रेघ मारली.

पुन्हा दिवे लागले. येऑनने फेकला, आणि या वेळी मनापासून फेकला. बोमीने दोन्ही हातांत धरला. आणि मग एक भलतीच अडचण आली. जिंकल्यावर काय करायचं हे आमच्या पोरींना ठाऊकच नव्हतं, त्याचा सराव कधी झालाच नव्हता! सहा जणी जागच्या जागी एकमेकींकडे बघत उभ्या राहिल्या. मग कप्तान मॅंग सोल खाली बसून हमसाहमशी रडायला लागली, आणि बाकीच्या धावत जाऊन बोमीवर पडल्या. त्या ढिगात एक चोपन्न वर्षांचा मनुष्यही दिसतो. त्याला कुणी बोलावलं नव्हतं. गू साहेबांनी तो काढून टाकला नाही.

तो भाग आम्ही बंदरावरच्या लिलावाच्या शेडमध्ये पडदा लावून पाहिला. सगळं गाव होतं. बोमीच्या बापाने बोट त्या रात्री बाहेर काढलीच नाही, तिचा भोंगा मात्र वाजवला. बोंग साहेबांनी वार्ताहराला सांगितलं की या संघावर त्यांचा पहिल्यापासून विश्वास होता, आणि त्यांची पापणी पुन्हा उडाली. अभ्यासिका आता जिन्याखाली होणार आहे. संघात सहा नव्या मुली आल्या. आणि ताई, गेल्या शनिवारी, कॅमेरा नाही, कॉफी नाही, त्या एक्केचाळीस गोलवाल्या शाळेशी आम्ही खेळलो आणि एकोणीस-अठराने जिंकलो. या वेळी पोरींना काय करायचं ते माहीत होतं. मलाही.

दाजींना आणि सासूबाईंना माझा नमस्कार सांग.

तुझा धाकटा,
गीचल

ता. क. – वाळवलेली माकूळ वेगळी पाठवली आहे. बोमीच्या बापाने दिली. सासूबाईंचे दात तिला पुरे पडतील का, ते आधी पाहा.

आणखी ता. क. – चूबाईंचा निरोप आला आहे. येत्या शनिवारी त्या राष्ट्रीय कुमारी संघाच्या निवड समितीतल्या दोघांना घेऊन येतायत. बोमीला बघायला, आणि ‘‘तुमची गोलरक्षणाची पद्धत’’ बघायला. तुला माहीतच आहे की मी मूळचा टेबल टेनिसवाला. गोलमध्ये उभं राहायला मी कधीच कुणाला शिकवलेलं नाही. बोमी बापाने बोटीवरून फेकलेले बर्फाचे खोके झेलत मोठी झाली, एवढीच काय ती पद्धत. आपल्या घरात गोलमध्ये उभी राहिलेली एकच व्यक्ती आहे, आणि तिने लग्नाआधी तीन वर्षं शाळेचा गोल सांभाळला होता. तेव्हा गुरुवारच्या बसने ये. सासूबाईंना सांग, भावाकडे किमचीचं लोणचं घालायचं आहे.

शेवटचं ता. क. – बोमीला मी सांगून ठेवलं आहे की माझ्या गुरू येणार आहेत. तिने विचारलं, उंच आहेत का? मी हो म्हणालो. टाचांचे बूट घालून ये.