गालावरचा वांग

मार्गासनी,
१२ एप्रिल २०२५

प्रिय दादास,

मंगलचा नमस्कार, वहिनींनाही सांग. इकडे सगळं बरं आहे. म्हणजे ह्यांचं बरं आहे, म्हशीचं बरं आहे, गुडघे सोडले तर सासूबाईंचंही बरं आहे. माझं काय, आज उभी तर उद्या आडवी. करवंदं अजून हिरवी आहेत. पिकली की ह्यांच्याबरोबर पाठवीन.

रखमाजीनानांच्या हाती पाठवलेली साडी मिळाली. रंग छान आहे, वहिनींची निवड दिसते. पण दादा, आत्याचा मान मांडवात चारचौघांसमोर द्यायचा असतो. प्रेरणाच्या लग्नाच्या आधीच पिशवीत घालून घरपोच केला की त्याचा अर्थ आत्याने घरीच बसावं असा होतो. ह्यांनी पिशवी उघडली आणि एवढंच म्हणाले, "तुला कळतंय न्हवं?" मी म्हटलं, कळतंय. मुलाकडचे नसरापूरचे पाहुणे माझं तोंड बघतील, हे काय झालंय म्हणून विचारतील, तुमच्या घराण्यातच आहे का म्हणतील. पोरीच्या बापाला एवढा विचार करावा लागतो. मला राग नाही.

खोटं कशाला लिहू? फार राग आला होता. दोन दिवस मी कुणाशी धड बोलले नाही. आता नाही. आता रागापेक्षा मोठं काहीतरी बोलायचं आहे आणि तेच लिहायला हात धजत नाही, म्हणून करवंदांपासून सुरुवात केली.

तुझा मोबाईल कायम प्रेरणाच्या हातात असतो, म्हणून मेसेज केला नाही. फोन केला तर तू रेंज नाही म्हणून ठेवून देतोस. इकडे वेल्ह्यात रेंज जाते हे ठाऊक आहे, पण तुमच्या कामथडीला हायवेच्या कडेला कशी जाते हे तूच जाणे. ही चिठ्ठी हे तुझ्याच हातात देतील. एकटा असताना वाच.

माझा आजार तू कधी विचारला नाहीस आणि मीही कधी सांगितला नाही. भाताच्या लावणीनंतर गालावर लाली आली, तेव्हा सगळ्यांनी वांग म्हणून सोडून दिलं. सासूबाईंनी दुधात जायफळ उगाळून लावलं. बोटं आखडायला लागली, तर म्हणे वात. पहिलं पोर पोटात गेलं, तर म्हणे नशीब. दुसरं गेलं तेव्हा मात्र बाधाच ठरली आणि माझ्यावरून नारळ उतरवले. पायांना सूज चढली, लघवीला फेस यायला लागला, तेव्हा कुठे पुण्याला नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासून ल्युपस सांगितलं. म्हणाल्या, बाहेरून येणाऱ्या रोगाशी लढायला शरीरात शिपाई असतात, तुमच्या शिपायांना आपलं कोण आणि परकं कोण हेच कळेनासं झालंय. हे लगेच म्हणाले, "म्हंजी राखणीला ठिवलेलं कुत्रं घरच्यांलाच चावाया लागलं म्हना की!" बाई हसल्या. मग हसू आवरून म्हणाल्या, पहिल्या वर्षी आला असतात तर किडन्या वाचल्या असत्या.

घरी येऊन कुत्र्याची गोष्ट सगळ्यांना सांगितली. पुढचं वाक्य कुणाला सांगितलं नाही. आता डायलिसिसचं बोलणं चाललं आहे. हे तुला आजच कळतंय.

कीव कर म्हणून हे लिहीत नाही. प्रेरणासाठी लिहिते आहे.

जत्रेला ती दोन दिवस राहून गेली. दुपारी पालखीबरोबर फिरून आली तर दोन्ही गाल आणि नाकाचा उंचवटा लालबुंद, आणि नाकाच्या कडेच्या खाचा मात्र जशाच्या तशा. सासूबाई म्हणाल्या, "ऊन लागलंय, दुसरं काय न्हाई." पण ऊन असं खाचा सोडून लागत नाही. सकाळी वेणी घालायला बसली, तर कंगव्यात केसांचा पुंजका आला. चहाचा कप तिनं दोन्ही तळव्यांत धरला होता. विचारलं तर आधी हसली, मग म्हणाली, "आत्या, सकाळची बोटंच वळत न्हाईत गं. आन् तोंड आतनं सोलल्यागत झालंय. आईला नको सांगू, लग्नाच्या घरात उगं घोर."

दादा, त्या पोरीच्या तोंडावर मी माझं पहिलं वर्ष बघितलं.

वहिनी तिला रोज गुळवेलीचा काढा देतात म्हणे, लग्नापर्यंत ताकद यावी म्हणून. त्यांना सांग, थांबवा. मीही लई प्यायले. आमच्यासारख्यांना ताकद कमी पडत नाही, ती घरातच उलटते. काढ्याने ती आणखी खवळू शकते असं बाईंनी बजावलं आहे. आणि उन्हात फिरू देऊ नको.

आत्याला आहे म्हणून भाचीला होतंच असं नाही. देव करो आणि मी खोटी ठरो. मग सगळ्या गावासमोर मला वेडी म्हण, मी मान खाली घालून ऐकून घेईन. पण रक्त आणि लघवी तपासून घे, आणि अक्षय तृतीयेच्या मुहूर्ताआधी घे. लग्न झालं की वर्षाच्या आत पाळण्याची घाई करतात. हा आजार अंगात जागा असताना पोट राहिलं तर पोराचंही खरं नसतं आणि आईचंही. मी त्यातून दोनदा गेले आहे. वेळेवर गोळ्या सुरू झाल्या तर पोरी शिकतात, नोकऱ्या करतात, लेकरंही होतात. बाईंकडे अशा बसलेल्या मी पाहिल्या आहेत.

सोयरीक मोडेल, हे मला कळतं. तू म्हणशील, मंगलला पोर नाही म्हणून हिला दुसऱ्याच्या पोरीचं लग्न बघवत नाही. वहिनी तर म्हणतीलच. म्हणा. मी खूप विचार केला, आणि पोरगी घरात बसलेली मला चालेल, पण माझ्या वाटेने गेलेली चालणार नाही.

म्हणून आता स्पष्ट लिहिते. येत्या आठवड्यात तू तिला पुण्याला नेलं नाहीस, तर मी लग्नाला येणार. तोंडावर पदर घेणार नाही. नवऱ्या मुलाच्या आईशेजारी जाऊन बसेन, आणि तिने विचारायच्या आधीच सगळं सांगेन. त्यानंतर तू मला माहेर बंद करशील. कर. ते बंद झालं तर मी किती रडेन हे तुला माहीत आहे, तरीही मी हे करीन.

तोवर तुझीच,
मंगल