मामांचा आशीर्वाद जरा बाजूला घेण्याबाबत

मु. पो. वडिवळे, ता. मावळ
आषाढ, बुधवार, जेवणं उरकल्यावर

तीर्थस्वरूप दत्तूमामा यांच्या पायांवर भाचा राजेंद्र याचा साष्टांग नमस्कार (पाय जरा मागे घ्यावेत, माझ्या कपाळाला खाचरातला चिखल आहे).

इकडे आम्ही सगळे ठीक. तुमचा गुडघा काय म्हणतो? आई विचारते, की तिने दिलेलं तेल तुम्ही गुडघ्याला लावता की गोठ्याच्या बिजागरीला, कारण मागच्या खेपेला दार कुरकुरत नव्हतं आणि तुम्ही कुरकुरत होता. मामींना नमस्कार. तुमची वाघी कुत्री व्याली आणि पिल्लं धडधाकट आहेत हे कळलं, तिलाही विचारल्याचं सांगा. आता तुमचं बेडसं ते काय लांब, आणि हा पत्र कसलं लिहीत बसलाय, असं तुम्ही म्हणाल. फोन हातात घेतला होता, पण तुम्ही फोन स्पीकरला लावून ओट्यावर ठेवता, आणि मग आपलं बोलणं लेणी बघायला निघालेल्या पाहुण्यांनाही ऐकू जातं. विषय घरातला आहे. म्हणजे ट्रॅक्टरचा आहे.

ट्रॅक्टर तापतो, मामा.

रिकामा कामशेतला नेला तर थंडगार असतो. पण मागे रोटाव्हेटर जोडून चिखलणीला खाचरात उतरवला, की दुसऱ्या फेरीलाच काटा लालात जातो, आणि तिसऱ्या फेरीला पुढून अशी वाफ निघते की बांधावरच्या बायका विचारतात, चहा झाला का. इंद्रायणीची रोपं लावणीला आली आहेत. ती जास्त दिवस वाफ्यात राहिली की म्हातारी होतात आणि पुढे फुटवे धरत नाहीत, हे तुम्हीच मला शिकवलंत. आमची खाचरं तर आहेतच, वर आळीतल्या चार घरांची चिखलणी मी अंगावर घेतलेली. लोक रोज सकाळी येतात, आधी रोपांकडे बघतात, मग ट्रॅक्टरकडे, मग माझ्याकडे.

कामशेतचा इर्शाद मिस्त्री तुम्हाला ठाऊक आहे. तो आला. त्याने रीतसर तुम्ही दिलेली पाटी पुढून उतरवली (दोन नट सोडायचे की सुटते), बांधावर सावलीत टेकवून ठेवली, आणि रेडिएटर पाहिला. जाळीत पेंढ्याचा भुसा अडकला होता तो धुऊन काढला, पाणी भरलं, फॅनचा पट्टा ताणला. मग स्वतः बसून चार फेऱ्या मारल्या. काटा मधोमध! सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी तुमची पाटी पुसून, नमस्कार करून, होती तिथे बसवली. इर्शाद कामशेतच्या रस्त्याला लागला आणि ट्रॅक्टर तापला.

परत बोलावला. परत त्याने पाटी उतरवली, परत फेऱ्या मारल्या, परत काटा मधोमध. तो गेला, पाटी बसवली, वाफ. शाळा तपासायला साहेब आले की पोरं जशी हाताची घडी घालून बसतात, तसा हा ट्रॅक्टर इर्शादसमोर वागतो. तिसऱ्या खेपेला तोच वैतागला. म्हणाला, "राजूभाऊ, मशिनला काय बी झालेलं न्हाई. तुमीच त्याच्याशी नीट बोलत नसाल."

मग आळीतला आमचा पप्पू आला. पप्पू हल्ली बोरघाटात बंद पडलेल्या गाड्या क्रेनने ओढतो, त्यामुळे तापलेलं इंजिन म्हणजे आपला घरचा विषय असं त्याला वाटतं. त्याने तुमची पाटी उतरवून इंजिनातला थर्मोस्टॅट काढला, तो कढत पाण्यात टाकून उघडतो का ते पाहिलं (तुमच्या भाचेसुनेच्या, म्हणजे सारिकाच्या, चहाच्या पातेल्यात, त्यावर घरात वेगळी वाफ निघाली), उघडला म्हणून परत घातला, आणि सांगितलं, "दृष्ट लागलीय. दुसरं काय न्हाई." आईने लिंबू-मिरची बांधली. सारिकाचं म्हणणं वेगळं पडलं. ती म्हणाली, "इर्शादभाईंना बघून गप बसतो ना? मग पुढं मामांच्या जागी इर्शादभाईंचाच फोटो लावा." मी तिला रागावलो. (आता वाटतं, बाई तोंडातून काय बोलून गेली तिलाच कळलं नाही. मलाही तेव्हा कळलं नव्हतं.)

इथे पाटीबद्दल दोन शब्द लिहितो, कारण मामी म्हणाल्या की तुम्ही ती अजून गावात सगळ्यांना फोटोत दाखवता. जुना का असेना, ट्रॅक्टर दारात आला, आणि भाच्याच्या पाठीशी मामा आहे हे मावळाला दिसलं पाहिजे म्हणून तुम्ही लोणावळ्याला जाऊन पाटी करून आणलीत. तो पाटीवाला बंगल्यांच्याच पाट्या करतो, त्यामुळे माप बंगल्याचं आलं. 'मामांचा आशीर्वाद' ही अक्षरं गावच्या धरणाच्या भिंतीवरून वाचता येतात. शेजारी फेट्यातला तुमचा फोटो, मिशीसकट. आणि त्याखाली, पाटीवाल्याच्या साच्यात ती ओळ आधीपासूनच होती म्हणून, 'कुत्र्यापासून सावध राहा'. ट्रॅक्टर आळीतून निघाला की पोरं भुंकतात, पण ती पोरं आहेत. पाटी पत्र्याची, जाड, आणि ट्रॅक्टरचं तोंड पुरतं झाकते.

तर शनिवारी काय झालं. आई भाकरी घेऊन खाचरावर आली आणि पाहते तर तुमच्या तोंडावर चिखलाचा हा एवढा सपका! डोळे, फेटा, काही दिसेना. तिला ते बघवलं नाही. "माज्या दादाचं त्वांड बघा काय केलंय मेल्यांनी," म्हणाली, मला नट सोडायला लावले, आणि पाटी घेऊन ओढ्यावर गेली. मी आपला कामाला लागलो. ती काथ्याने तुम्हाला घासत होती आणि मी फेऱ्या मारत होतो, आणि बऱ्याच वेळाने लक्षात आलं, की खाचर संपत आलंय आणि काटा हललेला नाही. इर्शाद आसपास कुठेही नव्हता.

पाटी लावली. तापला. आईला म्हटलं, तुझ्या दादांच्या कानात चिखल राहिलाय. तिने नेली. निवला.

यातून मी कोणताही अर्थ काढत नाही. इर्शादला फोनवर सांगितलं तर तो हसायचाच थांबेना. मग म्हणाला, "औत लागलं की इंजिनाला वारा लय लागतो, भाऊ. फॅन पुढनं वडणार, तर पुढं मामा हुबं." मी त्याला बजावलं, की हे तू बोललास, मी नाही. माझं स्वतःचं मत असं, की आशीर्वाद इतका भरभक्कम आहे की त्यातून वारासुद्धा जात नाही.

पण तुम्हाला न विचारता पाटी काढायची माझी छाती नाही. माझ्या साखरपुड्याच्या पत्रिकेत तुमचं नाव चुलत्यांच्या खाली छापलं गेलं, तेव्हा तुम्ही येऊन पोटभर जेवलात, पण दिवाळीपर्यंत कोणाशी बोलला नाहीत, हे मी विसरलेलो नाही. म्हणून सध्या असं चाललंय: पाटी काढलेली नाही, फक्त धुवायला घेतली आहे. मी चिखलणी करतो तोवर आई धुते. मी थांबलो की ती थांबते. या रीतीने निम्मी खाचरं झाली, आणि आज आळीतल्या कस्तुराबाईंच्या खाचरात लावणीसुद्धा सुरू झाली. रोपं हिरवीगार आहेत, बायका गाणी म्हणताहेत. यंदा भात बरा येईल असं वाटतं. नव्या तांदळाचा पहिला भात तुमच्याकडे, हे ठरलेलंच.

बाकी सर्व क्षेम. गुडघ्याला जपा.

तुमचा भाचा,
राजेंद्र

ता. क. : खरं विचारायचं ते राहिलंच. पाटी बंगल्याच्या मापाची आहे, तर ती आपल्या घराच्या दर्शनी भिंतीवर लावली तर चालेल का? तिथे ती तापणार नाही, तापवणारही नाही. उत्तर लवकर द्या, निम्मी खाचरं बाकी आहेत.

ता. क. २ : 'लवकर' यासाठी, की धुण्याने अक्षरं टिकून आहेत, पण तुमची उजवीकडची मिशी गेली. डावी अजून तग धरून आहे.

ता. क. ३ : हे आई सांगते आहे, मी तसंच्या तसं उतरवून घेतोय:

"दादा, ह्यो घाबरतो, म्हून यवढं लांबान लिवलंय. तुजी पाटी मी सकाळीच दारावर ठोकली. माजा हात भरून आला घासून घासून. मिशी मी कोळशानं काढलीय, आदीपक्षा बरी दिसती. रुसायचं आसंल तर रुस, पण तितं बसून नगं, हितं येऊन रुस, मला बी बघू दे. आन येताना वाघीचं येक पिल्लू घिऊन ये. धरण बघाया येनारी मान्सं पाटी वाचत्यात आन कुत्रं कुटंय म्हून इचारत्यात. तुज्या नावाखाली खोटं लिवल्यालं मला न्हाई आवडत."