दरी आमच्या ताब्यात

२६ फेब्रुवारी
गायी माझ्या, घाम माझा, आणि गवत मोजायला माणूस वॉशिंग्टनचा! आज परत आला तो हॅस्लम, केंद्राच्या जमीन कचेरीचा. तारेचं कडं जमिनीवर टाकतो, आतल्या काड्या कापून तोलतो आणि मला सांगतो, बाई, यंदा दोनशेच गायी सोडा, त्याही जूनमध्ये. का, तर मे महिन्यात रानकोंबड्या अंड्यांवर बसतात. मी म्हटलं, माझ्या आजेसासऱ्यानं या दरीत गुरं घातली तेव्हा तुझी कचेरी अंड्यातसुद्धा नव्हती. हसला मेला.
वर म्हणे, चराईच्या नव्या परमिटवर सही करा. पुढच्या महिन्यात दरी केंद्राकडून राज्याकडे जातेय, सही कशाला? फाडून हातात दिलं. म्हणाला, असू द्या हो जवळ, कामाला येईल.
घाबरलाय.

२७ फेब्रुवारी
निश्चय : गाय हलवायला यापुढे कोणाला विचारायचं नाही.
डेल्मार (नवरा असून विरोधी पक्ष) विचारतो, दरी आपली होणार म्हणजे कोणाची गं? राज्याचीच ना? मी म्हटलं, राज्य म्हणजे कोण? आपणच. तर म्हणे, मग गव्हर्नरला सांग, उद्या धारेला ये.
दरी राज्याला द्या म्हणून तीन वर्षं दारोदार सह्या मी गोळा केल्या. यानं नुसता ट्रक चालवला.

२० मार्च
झालं! दरी राज्याची! गोऱ्हा कापला, अख्ख्या खोऱ्याला जेवण. हॅस्लम कचेरीची पाटी उपटायला आला होता, त्यालाही ताट दिलं. हरलेल्याला जेवू घालावं. दोनदा मांस घेतलं त्यानं. फार दुःखी दिसला नाही. लपवत असणार.

११ एप्रिल
राज्याचं पत्र आलं. पहिलं पान छान आहे, अभिनंदन वगैरे. दुसरं डेल्मारनं वाचून दाखवलं. ज्यांच्याकडे केंद्राचं चालू परमिट आहे त्यांच्या गायी पूर्वीसारख्याच चरतील. बाकी चराईचा लिलाव.
डेल्मारनं पत्राची घडी घातली आणि माझ्याकडे बघत बसला. बघू दे.
फोन केला. पोरगी म्हणाली, मॅडम, ही जमीन आता शाळांच्या उत्पन्नासाठी आहे, जो जास्त देईल त्याला. मी चौथीत शाळा सोडली, तर शाळाच माझ्या मुळावर!
हरकत नाही. लिलावात समोर उभं राहायची छाती कोणाची आहे?

२९ एप्रिल
बोली बंद पाकिटात द्यायची होती. मी दिली. तीन पिढ्यांचा हिशोब लिहिला, कोणी कुठली विहीर खणली ते लिहिलं. आकडा लिहिला नाही. हक्काला आकडा कसला?
दरी शहरातल्या शिकारी क्लबला गेली. त्यांना हरणं हवीत. गाय एकही नको.
डेल्मार म्हणाला, पाकिटात आपला एखादा फोटो तरी घालायचास. जेवले नाही. म्हणजे नंतर जेवले.

३ मे
क्लबनं वाटेवर गेट बसवलं. आमच्या घरी यायला दुसरी वाट नाही. कुलपाचा नंबर दर सोमवारी बदलतो, नवा नंबर फोन करून विचारायचा. फोनला रेंज गेटच्या पलीकडे.
डेल्मार साठीच्या वयात गेटवर चढला, पलीकडे उतरून फोन लावला. मी ट्रकमध्ये बसून. दोन तास. क्लबचा माणूस विचारत होता, तुम्ही मेंबर आहात का?
हॅस्लमच्या वेळी वाट उघडी असायची. पण ते सोडा.

९ मे
साठवलेला चारा संपला. गायी कुंपणाला छाती लावून हंबरतात. गवत पलीकडे, गुडघाभर. असं गवत दहा वर्षांत आलं नव्हतं.
डेल्मारनं मला न विचारता विक्रीचे ट्रक बोलावले, शनिवारी येतील. बारा गायी ठेवायच्या, बाकी सगळ्या जाणार. म्हणाला, आता तरी गप्प बस गं बाई.
गप्प आहे. लिहितेय फक्त.

११ मे
आज हॅस्लमला पत्र टाकलं. नक्कल इथे :
‘दरी परत घ्या. राज्याला ती सांभाळता येत नाही, हे मी आधीपासून म्हणत होते. कडं घेऊन या, काड्या मोजा. दोनशे म्हणालात तर दोनशे, जून म्हणालात तर जून, कोंबड्यांना मी हुसकणार नाही. परमिटचा कोरा फॉर्म पाठवा, सही करते. ट्रक शनिवारी येतायत. मला शुक्रवारपर्यंत उत्तर पाहिजे. हो किंवा नाही नको, हो पाहिजे.’